कुठं सही करायची?

पिंपरीतून पवनेवरचा पूल ओलांडला की काळेवाडी लागते. गुंठा-अर्ध्या गुंठ्यावर उभी राहिलेली तीन-चार मजली घरं, खाली मालक, वर भाडेकरू, जिन्याच्या प्रत्येक वळणावर चपला. या खोल्यांमधून पहाटे निघालेली माणसं भोसरी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांत पांगतात आणि पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून फाट्यावर उतरून घरी येतात. या प्रकरणासाठी अशाच एका खोलीची कल्पना करू. नवरा चाकणला ठेकेदाराकडे कामाला आहे. बायको घरी ब्लाउज शिवते. मूळ गाव बार्शीच्या बाजूचं. दोन वर्षांपूर्वी त्याला साखर निघाली. ज्या दवाखान्यात तो दाखवतो, तिथल्या डॉक्टरांनी एका नव्या गोळीच्या अभ्यासाबद्दल सांगून कागदांचा गठ्ठा हातात दिला आहे.

"हे काय आणलंत?"

"डॉक्टरांनी दिलंय. परवा सही करून द्यायचंय."

"कशाचं आहे?"

"नवीन गोळी आलीय, तिचं. गोळी फुकट, तपासण्याही फुकट."

"वाचलं का पण?"

"चौदा पानं आहेत गं. कुठं सही करायची तेवढं बघितलं."

या शेवटच्या वाक्याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. हा माणूस आयुष्यभर सह्या करत आला आहे. ठेकेदाराच्या मस्टरवर सही, पीएफच्या अर्जावर सही, फायनान्सवर मोबाईल घेताना टॅबवर बोटाने सही, भाडेकराराच्या अकरा महिन्यांवर सही, बायकोच्या सिझेरियनच्या वेळी रात्री दोन वाजता पुढे केलेल्या कागदावर सही. यातल्या एकाही ठिकाणी वाचून काही बदलणार नव्हतं. मस्टरवर सही केली नाही तर हजेरी लागत नाही, फायनान्सच्या अटी पटल्या नाहीत तर मोबाईल मिळत नाही. निर्णय आधीच झालेला असतो, सही ही त्या दारातून आत जायची पावती असते. तीस वर्षं हेच शिकलेल्या माणसापुढे एक दिवस असा कागद येतो, जो मुळात त्याला नकार देता यावा म्हणून लिहिलेला आहे. दिसायला मात्र तो बाकीच्या सगळ्या कागदांसारखाच दिसतो.

वैद्यकीय संशोधनातल्या संमतीची सगळी अडचण मला या साम्यात दिसते. कायदे, समित्या, जाहीरनामे यांच्याकडे आपण येऊच. पण आधी त्या खोलीत थोडं थांबू, कारण तिथे शब्दांचा घोळ चालू आहे आणि तो महत्त्वाचा आहे.

सरकारी मराठीत या प्रकाराला 'माहितीपूर्ण संमती' म्हणतात. आपल्या माणसाच्या कानावर पडतो तो शब्द 'ट्रायल'. चाकणच्या पट्ट्यात या शब्दाला फार नेमका अर्थ आहे. नवी डाय आली की ट्रायल काढतात. पहिले काही नग काढायचे, मापं घ्यायची, माप चुकलं तर नग भंगारात आणि डाय दुरुस्तीला. नगाचं काय झालं हा प्रश्न नसतो. पुढच्या हजारो नगांसाठी डाय बरोबर बसली का, एवढंच बघायचं असतं. गंमत वाटेल, पण 'नवीन उपचार' या गोड शब्दापेक्षा कारखान्यातला हा अर्थ संशोधनाच्या जास्त जवळचा आहे. चाचणी घेतात ती पुढच्या रुग्णांसाठी काहीतरी कळावं म्हणून. आज त्यात भाग घेणाऱ्याला फायदा झाला तर झाला. फरक एकच, आणि तोच सगळ्याचा पाया आहे: नगाला विचारायचं नसतं, माणसाला विचारावंच लागतं.

मग डॉक्टर सांगतात, कुणाला नवी गोळी आणि कुणाला जुनी हे चिठ्ठी टाकून ठरेल. इथे दुसरा घोळ. काळेवाडीच्या गल्लीगल्लीत भिशी चालते. भिशीतही चिठ्ठी निघते. पण भिशीत आज ना उद्या प्रत्येकाचा नंबर लागतो. आपल्या पैशावर कुणाचा डोळा नाही हे दाखवायला चिठ्ठी असते. संशोधनातल्या चिठ्ठीत तसं नाही. जुन्या गोळीच्या किंवा औषध नसलेल्या गोळीच्या गटात नाव गेलं, तर अभ्यास संपेपर्यंत तो त्याच गटात राहणार, आणि बहुतेक वेळा आपण कोणत्या गटात आहोत हे त्याला कळणार नाही, डॉक्टरांनाही कळणार नाही. हे न सांगता नुसतं 'चिठ्ठी' म्हणणारा समुपदेशक खोटं बोललेला नसतो, तरी ऐकणारा फसलेला असतो.

या फसगतीला संशोधनाच्या नीतिशास्त्रात नाव आहे. पॉल अपेलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत मनोरुग्णांवरच्या अभ्यासांत भाग घेणाऱ्यांशी बोलून पाहिलं. गट चिठ्ठीने ठरतो हे त्यांना सांगितलेलं होतं. तरीही अनेकांना मनापासून वाटत होतं की डॉक्टरांनी आपली प्रकृती बघून, आपल्याला योग्य ठरेल तेच निवडलं असणार. आपण याला 'उपचाराचा भ्रम' म्हणू. हा भ्रम शिकलेल्यांनाही होतो. त्याचं मूळ विश्वासात आहे. पांढरा कोट घातलेला माणूस आपल्यासाठीच काही करतो, हे आपण लहानपणी ताप आला तेव्हापासून शिकतो. तोच माणूस त्याच खुर्चीत बसून, त्याच आवाजात, या वेळी एक प्रश्न सोडवण्यासाठी आपली मदत मागतो आहे, हे मनात शिरायला वेळ लागतो. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीवरच्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात म्हणूनच एक शहाणी अट आहे: रुग्ण ज्या डॉक्टरवर अवलंबून आहे, त्या डॉक्टरने स्वतः संमती मागू नये, त्या नात्याबाहेरच्या जाणकार माणसाने मागावी. ही अट पाळायला फार खर्च येत नाही, एक वेगळी खुर्ची आणि एक वेगळा माणूस लागतो.

सांगण्याच्या पद्धतीनेही उत्तर बदलतं. बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखवून दिलं की शस्त्रक्रियेतून शंभरातले नव्वद वाचतात असं सांगितलं तर लोक शस्त्रक्रियेकडे वळतात, आणि शंभरातले दहा दगावतात असं सांगितलं तर मागे सरतात. आकडा तोच. आणि या फरकाला बळी पडणाऱ्यांत डॉक्टरही होते. म्हणजे माहिती खरी असणं पुरेसं नाही. दोन्ही बाजूंनी सांगितली तरच ती पूर्ण.

आता थोडं मागे, १८९७ मध्ये जाऊ. काळेवाडीहून चिंचवडगाव अगदी जवळ आहे, आणि तिथला चापेकरांचा वाडा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. वॉल्टर चार्ल्स रँड हे इंग्रज अधिकारी प्लेगच्या बंदोबस्तावर होते. गोरे सोजीर घराघरांत शिरत होते, माजघरात, देवघरात जात होते, बायाबापड्यांना बाहेर काढून तपासत होते, माणसं उचलून छावण्यांत नेत होते. साथीच्या कायद्याने त्यांना ती मुभा दिली होती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकर आणि त्यांच्या साथीदारांनी रँडवर गोळी झाडली. पुढे तिघे चापेकर बंधू फासावर गेले. शाळेत हा इतिहास आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच इतिहासात आणखी एक गोष्ट आहे, ती धड्यात राहून जाते. प्लेग आवरण्याचा हेतू वाईट नव्हता, आजार खरा होता, माणसं खरोखर मरत होती. तरीही न विचारता अंगाला लावलेला हात लोकांनी उपचार म्हणून स्वीकारला नाही, अपमान म्हणूनच ओळखला. औषधावरचा विश्वास अशा वेळी जो जातो, तो परत यायला पिढ्या लागतात.

त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारीला त्यांनी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या कैद्यांमध्ये ही लस वापरून पाहिली गेली. जे तयार झाले त्यांना टोचली, बाकीच्यांशी तुलना केली. पुण्यातल्या सोजिरांपेक्षा हे किती तरी पुढचं पाऊल होतं: विचारलं होतं. आणि तरी मला तिथे अडखळायला होतं. ज्याला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही त्याने तयारी दाखवली, तर तिला किती वजन द्यायचं? एका बाजूला साथ, दुसऱ्या बाजूला जेलर, आणि मध्ये हा प्रश्न. जिवाच्या भीतीने म्हटलेलं 'हो' खोटं नसतं. पण ते मोकळंही नसतं. आजच्या मार्गदर्शक सूचनांत कैदी, विद्यार्थी, सैनिक, नोकर, गरीब यांच्यासाठी वेगळी काळजी घ्यायला सांगितली आहे, त्यामागे भायखळ्याच्या बराकीतला हाच पेच आहे. नोकर या शब्दावर चाकणच्या वाचकाने थोडं थांबावं. कंपनीच्या दवाखान्यात, कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाला ठेकेदाराचा माणूस किती मोकळेपणाने 'नाही' म्हणेल?

जगाचा इतिहास मी इथे दोन-तीन वाक्यांत उरकतो, कारण तो इतरत्र भरपूर लिहिला गेला आहे. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गची संहिता आली, तिचं पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं. १९६४ मध्ये हेलसिंकीचा जाहीरनामा आला. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस असताना उपचाराविना ठेवून नुसतं बघत राहिले, पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही दिलं नाही, आणि हे १९७२ पर्यंत चाललं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला तो पेनिसिलिनसाठी. त्या कारखान्याच्या एचए कॉलनीत वाढलेल्या कुणालाही ते औषध किती साधं, किती स्वस्त होऊन गेलं होतं हे सांगायला नको. तेच औषध त्या माणसांपासून दूर ठेवलं होतं.

आता भोसरी. एमआयडीसीच्या जी ब्लॉकमध्ये, कारखान्यांच्या शेडच्या शेजारी, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. लोक तिला 'नारी' म्हणतात. ७ फेब्रुवारी २००५ ला या संस्थेत भारतातल्या पहिल्या एचआयव्ही लसीच्या चाचणीचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि 'आयएव्हीआय' ही आंतरराष्ट्रीय संस्था यांचा तो प्रकल्प. संजय मेहेंदळे प्रमुख संशोधक होते. भाग घेणारे ३० जण, सगळे निरोगी, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही.

इथे संमतीचा प्रश्न वेगळ्याच रूपात समोर येतो. या तीस जणांना कसलाच आजार नव्हता, त्यामुळे बरं होण्याची आशा नव्हती. पहिल्या टप्प्याची चाचणी फक्त लस सुरक्षित आहे का आणि शरीर तिला काही प्रतिसाद देतं का, एवढंच बघते. मग त्यांना काय समजावून सांगायचं? लसीत एचआयव्हीचे काही जनुकीय तुकडे आहेत, पूर्ण विषाणू नाही, त्यामुळे लसीने एड्स होणार नाही. आणि त्याच दमात, या लसीने एचआयव्हीपासून बचाव होईल असं मुळीच समजू नका. हे दुसरं वाक्य गळ्याखाली उतरायला फार अवघड असतं. 'लस' या शब्दात आपल्याकडे संरक्षण गृहीतच असतं. देवीची लस घेतली, पोलिओचे थेंब घेतले, म्हणजे आपण सुटलो. टोचून घेतल्यावर कुणी बेफिकीर झालं, तर अभ्यासानेच त्याला धोक्यात लोटल्यासारखं होईल.

आणखी एक धोका शरीराचा नव्हता, समाजाचा होता. एचआयव्हीच्या लसीने रक्तात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि नेहमीची एचआयव्ही तपासणी नेमकी प्रतिपिंडंच शोधते. म्हणजे संसर्ग नसतानाही तपासणीचा निकाल 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो. आता विचार करा, २००५ चं पुणे, त्यातून पिंपरी-चिंचवड. नोकरीच्या आधी मेडिकल, विमा काढताना रक्त, लग्न ठरताना कुणीतरी हळूच केलेली मागणी, परदेशी जाताना तपासणी. तीसपैकी एकाच्या रिपोर्टवर चुकून तो एक शब्द उमटला, तर त्याचं घर, त्याची सोयरीक, त्याची नोकरी कुठे जाईल? अशा चाचणीत संमती म्हणजे या सगळ्या दारांवर आधीच नजर टाकून येणं. एका बैठकीत ते होत नाही. पुन्हा पुन्हा भेटावं लागतं, घरी कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे बोलावं लागतं, समजलंय की नाही हे प्रश्न विचारून तपासावं लागतं. पुढे त्या लसीचं काय झालं? ती सुरक्षित निघाली, पण शरीराचा प्रतिसाद पुरेसा आला नाही, म्हणून पुढे नेली नाही. तीस माणसांनी दिलेल्या होकारातून विज्ञानाला एक नकार मिळाला, आणि तो मिळणंही गरजेचं होतं. कुणीतरी त्या वाटेने चालून बघायलाच हवं होतं. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत आणि माहीत असूही नयेत. पण त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो, तो कुठल्याही शोधकर्त्याबद्दल वाटतो तेवढाच.

भोसरीच्या या खोल, सावकाश संमतीशेजारी आता दुसरं चित्र ठेवू. आपल्या काल्पनिक माणसाचं गाव बार्शीच्या बाजूचं, म्हणजे उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा, त्याला परका नाही. १९९९ पासून त्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था त्यात होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठीने चार गटांत वाटले. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मीअर, तिसऱ्यात अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी 'प्रचलित सेवा', म्हणजे त्या भागात तेव्हा जे मिळत होतं ते. आणि त्या भागात या आजाराची नियमित चाळणी तपासणी होत नव्हती.

निकाल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. हे ज्ञान लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागे असलेल्या पुराव्यात मराठवाड्यातल्या या बायांचा वाटा आहे. जगातल्या असंख्य स्त्रिया आज त्यामुळे वाचतील.

तरीही चौथ्या गटाकडे परत परत बघावंसं वाटतं. इथे चिठ्ठी बाईच्या नावाने निघाली नव्हती, गावाच्या नावाने निघाली होती. एखादी बाई म्हणाली असती, मला तपासणीच्या गटात राहायचंय, तर? तिच्या गावाला ती तपासणी आलेलीच नव्हती. नाही म्हणायला समोर काही नव्हतं, हो म्हणायलाही नव्हतं. पॅप स्मीअरने हा आजार आधी पकडता येतो हे तेव्हा जगाला चांगलं ठाऊक होतं, मग तुलनेसाठी तपासणीविना गट ठेवणं योग्य होतं का, असा आक्षेप अमेरिकेतल्या एरिक सुबा या डॉक्टरांनी भारतातल्या अशा अभ्यासांवर सातत्याने घेतला. अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर होतं की त्या स्त्रियांना एरवीही काही मिळत नव्हतं, त्यांचं काही काढून घेतलं नाही, आणि सरकारला पटेल असा पुरावा असाच मिळतो. मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा मेमोरियलने असाच दुसरा अभ्यास केला होता. त्यात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या अभ्यासात स्त्रियांना दिलेली माहिती पुरेशी नव्हती, असं मत अमेरिकेच्या सरकारी देखरेख कार्यालयाने नोंदवलं.

माझं मत मी लपवत नाही. 'एरवीही मिळत नव्हतं' हे उत्तर मला पुरत नाही. गरिबीने जे काढून घेतलं त्याचा अभ्यासाने फायदा घेतला, तर निदान त्या बाईला तिच्या भाषेत एवढं तरी स्पष्ट कळायला हवं: अशी तपासणी असते, ती सोलापूरला किंवा पुण्याला होते, आणि आम्ही ती तुझ्या गावात करणार नाही आहोत. हे ऐकून तीस बायांनी जरी एसटी पकडली, तरी अभ्यासाच्या आकड्यांत थोडा फरक पडेल. तो पडू द्यायला हवा.

आंध्र आणि गुजरातमध्ये २००९-१० मध्ये मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला, त्याची संसदीय समितीने चौकशी केली. आंध्रातल्या तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर सह्या होत्या त्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या. आई-बाप दूर पाड्यावर, मुलगी आश्रमशाळेत, आणि सही तिसऱ्याचीच. या आणि अशा प्रकरणांनंतर, इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात लावून धरलेल्या याचिकेमुळे, २०१३ मध्ये नियम कडक झाले. संमती घेताना दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचा आदेश आला. पुढे त्याची व्याप्ती मर्यादित केली. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या चाचणीत चेहरा दिसू नये म्हणून फक्त आवाज नोंदवायची सोय झाली. कॅमेऱ्याने एक गोष्ट नक्की साधली: कुणीतरी समोर बसून काहीतरी सांगितलं, याचा पुरावा राहू लागला. पण कॅमेरा सुरू झाला की माणूस सावरून बसतो, पदर नीट करतो आणि 'हो, समजलं' म्हणतो. पाहुण्यासमोर आपण तसंच करतो.

२०१९ चे नियम आज लागू आहेत. त्यांत नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो, डॉक्टर नसलेला, संशोधक नसलेला. काळेवाडीतली एखादी शिक्षिका किंवा निवृत्त फिटर तिथे बसू शकतो. माझ्या मते समितीतली ती सर्वांत महत्त्वाची खुर्ची आहे, कारण 'प्रतिकूल घटना' म्हणजे काय हो, असं विचारायची हिंमत बहुधा तिथूनच येते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. संमतीपत्राची प्रत सहभागी माणसाला द्यावीच लागते. कधीही, कारण न देता, अभ्यास सोडता येतो आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये.

आणि फॉर्मवर एक रकाना असतो, ज्याच्याशी आपल्या खोलीतली बाई आता येऊन थांबली आहे. नवऱ्याने सहीची जागा शोधली होती. तिने कामाचा दिवा जवळ ओढून पानं उलटली आणि शेवटून दुसऱ्या पानावर थबकली.

"इथं वारसाचं नाव लिहायचंय."

"तुझं लिहितो की."

"अहो, वारस कशाला लागतो गोळीला?"

हा प्रश्न चौदा पानांतल्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त कळवतो. व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारस हे तिन्ही रकाने नियमानेच असतात. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, त्यासाठी. आणि भरपाईचं सूत्र बघितलं की या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल. मूळ रक्कम ८ लाख रुपये. तिला वयाच्या गुणकाने आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचं, मग ९९.३७ ने भागायचं. वयाचा तो गुणक घेतला आहे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातून. प्रेसमध्ये सापडून माणूस गेला तर जो तक्ता काढतात, तोच तक्ता. चाळिशीला १८४.१७. निरोगी स्वयंसेवकासाठी जोखमीचा गुणक ४, म्हणजे चाळीस वर्षांच्या निरोगी माणसाच्या मृत्यूला सुमारे ५९ लाख. माणूस आधीच जितका जास्त आजारी, तितका तो गुणक खाली येतो.

मात्र एका ठिकाणी हे सूत्र कारखान्याच्या कायद्यापासून वेगळं होतं. कामगाराच्या भरपाईत तो गुणक मासिक वेतनाच्या निम्म्याला लावतात. ज्याचा पगार कमी, त्याच्या मरणाची रक्कमही कमी. चाचणीच्या सूत्रात पगार येतच नाही. ठेकेदाराचा हेल्पर आणि हिंजवडीचा इंजिनिअर, वय आणि प्रकृती सारखी असेल तर, कागदावर सारखेच. ज्यांनी हे सूत्र लिहिलं त्यांनी हे जाणून केलं असेल तर मी त्यांचा ऋणी आहे.

तिला हे सूत्र माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. तिला फक्त एवढं कळलंय की ज्या कागदावर वारस लागतो तो कागद 'फुकट गोळी'चा नाही. आणि नेमकं हेच समजणं हवं होतं. चांगल्या संशोधन केंद्रात फॉर्मनंतर एक साधी गोष्ट करतात: आता तुम्हीच मला सांगा, या अभ्यासात तुमच्यासोबत काय काय होणार आहे, तुमच्या शब्दांत. समजलं का, असं विचारलं की शंभरातले बहुतेक जण हो म्हणतात. सांगायला लावलं की कुठे गाठ अडकली आहे ते दिसतं. मग तिथून पुन्हा सुरुवात करता येते. या पद्धतीला पैसे लागत नाहीत, पंचवीस मिनिटं जास्त लागतात. ओपीडीच्या गर्दीत पंचवीस मिनिटं म्हणजे काय हे मला माहीत आहे. तरीही ती तिथेच खर्च व्हायला हवीत.

रात्री अकराला तिने ब्लाउजांच्या मापांची वही काढली. मागच्या कोऱ्या पानावर, छाती-कंबर-बाहीच्या आकड्यांपासून दूर, एकेक ओळ लिहून घेतली. नवरा खाटेवर बसून सांगत होता, ती लिहीत होती, मध्ये स्वतःचंही टाकत होती. नवी गोळी का जुनी, हे आपल्याला कधी कळणार. तपासणीला दर वेळी सुट्टी टाकावी लागली तर हजेरीचे पैसे कोण देणार. रात्रपाळीत साखर एकदम खाली गेली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि तो रात्री तीनला कुणी उचलतं का. डॉक्टर तेच आहेत, तर नाही म्हटल्यावर पुढच्या महिन्यात ते तसंच बघतील का. गोळी लागू पडली आणि अभ्यास संपला, तर त्यानंतर ती कुठून आणायची.

"एवढं सगळं विचारू?"

"तुम्ही विचारा. उत्तर आलं की खाली लिहून घ्या. जागा सोडलीय मी."